अक्कांच्या भिंतीवरची सोनकी

कार्ड भरलं की जुने फोटो डिलीट करता येतात. किश्शांचं तसं नसतं. रानफुलांचे फोटो काढायला आम्ही तिघं दर रविवारी बाहेर पडायला लागल्यापासून फोटो बेताचेच जमलेत, किस्से मात्र लय झालेत.

तिघं म्हणजे मी, मलकापूरचा चित्रकला शिक्षक. तानाजी, फौजेतून रिटायर झालेला ड्रायव्हर. आणि आष्ट्याचे भूपाल अण्णा, बियाण्यांचे दुकानदार. आमचा नाद एकच. फुलाची एखादी पाकळी लख्ख यावी आणि मागचं सगळं विरघळून जावं.

अण्णांना आणखी एक ध्यास आहे. आपला एक तरी फोटो अक्कांनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, हॉलच्या भिंतीवर लावावा. अक्का प्रत्येक फोटो नीट बघतात आणि तेच विचारतात, "फूल बरं आलंय, पन मागचं सगळं पुसट का?" अण्णा लेन्स, फोकस सगळं समजावून सांगतात. अक्का शांतपणे ऐकून घेतात आणि फोटो कपाटात ठेवतात.

*

असा फोटो काढायचा तर जमिनीवर पालथं पडावं लागतं. अण्णा जैन. अंगाखाली मुंगी चेंगरू नये म्हणून ते आधी रुमालानं हळूहळू जागा झाडतात. एकदा पठारावर तेरड्यावर सुरेख तिरपं ऊन आलं होतं. अण्णा झाडत होते आणि एक मुंगी पुन्हा पुन्हा परत येत होती. शेवटी ती गेली, अण्णा आडवे झाले, आणि ढग आला.

तानाजी म्हणाला, "अण्णा, मुंगी गेली, तिच्या मागनं ऊन बी गेलं."

"जाऊ दे गड्या," अण्णा पडल्या पडल्या म्हणाले, "ऊन काय, उद्या बी येतंय."

*

शिराळ्याजवळ एका बांधावर आम्ही तिघं श्वास रोखून झुडपाच्या बुडाशी बघत पडलो होतो. शिराळ्यात असं कुणी पडलेलं दिसलं की लोकांच्या मनात आधी नागच येतो. एका आजोबांनी सायकल लावली, चपला काढल्या आणि ते आवाज न करता आमच्या शेजारी येऊन पडले. बराच वेळ गेला.

मग कानाशी येऊन विचारलं, "केवढा हाय?"

मी म्हटलं, "नखाएवढं. फूल आहे, आजोबा."

आजोबा उठले, धोतर झाडलं. "मग फुलाला एवढं भ्यायचं कशाला रं?"

*

वारा हा आमचा वैरी. फूल डोलायला लागलं की फोकस गेलाच म्हणून समजा. एकदा वैतागून तानाजी उभा राहिला आणि फुलावर ओरडला, "सावधान!" वारा थांबला. आम्ही भराभर फोटो काढले. त्यानं "विश्राम" म्हटलं आणि फूल पुन्हा डोलायला लागलं. तेव्हापासून त्याला काही बोलायची सोय राहिलेली नाही.

*

मग अण्णांनी त्यांचा सगळ्यात चांगला फोटो काढला. एकच पिवळी सोनकी, पाकळीच्या टोकाला थेंब, मागे नुसता मऊ हिरवा रंग. मला खरंच हेवा वाटला. अक्कांना न दाखवता अण्णांनी तो मोठा करून फ्रेम करायला स्टुडिओत दिला. या वेळी त्या नाही म्हणणार नाहीत, अशी त्यांची खात्री होती.

फ्रेम आणायला आम्ही तिघंही गेलो. स्टुडिओवाला लग्नाचे अल्बम करणारा, भला माणूस. त्यानं कागद सोडला. फूल जागेवर होतं. मागे बर्फाचे डोंगर, निळं तळं आणि वरून कोसळणारा भलामोठा धबधबा.

"मागचं लय खराब आलं हुतं अण्णा," तो मायेनं म्हणाला. "तुमचं काम म्हणून मीच बदलून टाकलं."

अण्णांचा चेहरा पडला. फ्रेम उलटी धरूनच ते घरी आले. अक्कांनी मात्र फ्रेम हातात घेतली ती खाली ठेवलीच नाही. हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर स्वतः लावली, चार पावलं मागे येऊन बघितली. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

अण्णा खरं काय ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का फोटोवरची नजर न काढता म्हणाल्या, "आवं, एवढा धबधबा हाय तितं, आन् इतकी वर्सं तुमी एकटंच बघतासा व्हय?"

अण्णांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही भिंतीकडे पाहिलं.

"रविवारी जाऊ की," अण्णा म्हणाले.