खालचा आकडा

बीपी तपासायचं होतं माझं. घरात आवाज चढतो तो माझाच, म्हणून मीठ कमी झालं तेही माझ्याच ताटातलं. बायको दवाखान्यात नुसती सोबतीला आली होती. डॉक्टरबाई सहज म्हणाल्या, "काकू, तुमचंही बघू."

"मला काय झालंय?" म्हणत ती हसतच बसली. दंडावरचा पट्टा फुगला, पारा चढला, सावकाश उतरला. बाईंनी थोडं थांबून पुन्हा मोजलं. वरचा दोनशे, खालचा एकशेदहा.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघतच राहिलो. दूध उतू गेलं तरी न बदलणारा तोच शांत चेहरा. इतकी वर्षं आमच्या घरात दाब आवाजावरून मोजला जात होता! ओरडतो त्याला बीपी. गप्प बसणाऱ्याला काय होणार?

"हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा दाब वरचा," बाई सांगत होत्या, "आणि ते विसावतं तेव्हाचा खालचा."

खालचाच एकशेदहा! म्हणजे विसाव्यातसुद्धा हिला विसावा नव्हता. मला दरदरून घाम फुटला.

तिच्या दंडावर पट्टा तसाच होता. मोकळ्या हाताने तिने मला खुर्चीकडे ओढलं.

"अहो, आधी बसा बघू तुम्ही. तुमचं वाढेल."