माझे केस आणि त्यांची कंटिन्युटी

सिनेमावाल्यांच्या तोंडून 'फॅमिली' हा शब्द निघाला की आजही माझं डोकं फिरतं. आपण सगळे एक फॅमिली आहोत, असं रोज सकाळी म्हणणाऱ्या लोकांनी माझे वडील गेले तेव्हा मला साधे केस उतरवू दिले नाहीत.

मी टोकावड्याचा. दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका हिंदी सिनेमाच्या युनिटबरोबर लाइटमन म्हणून व्हिएतनामला गेलो. दिवसभर चिखलातून दिवे वाहायचे, केबल ओढायच्या. भाताची खाचरं अगदी आमच्यासारखीच, पण मान वर करून बघायला सवड कुणाला होती? हीरोच्या मित्रांच्या घोळक्यातल्या एका मुलाला व्हिसा मिळाला नाही, म्हणून एका गाण्यात त्याच्या जागी मला होडीत बसवलं. लाल शर्ट, पांढरे बूट, आणि नुसतं हसायचं. युनिटचा मॅनेजर म्हणाला, नशीब काढलंस. मलाही तेव्हा बरं वाटलं.

गाणं अर्धं झालं आणि धाकट्या भावाचा फोन आला. वडील शेतावरून आले, ओटीवर टेकले आणि गेले. मी थोरला, अग्नी मी द्यायचा. पण पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात. तू पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल, मग जाऊन करणार काय, असं त्याने मलाच विचारलं. अग्नी भावाने दिला.

मी म्हटलं, निदान दहाव्याला इथल्या नदीवर केस उतरवतो. तर मॅनेजरने हातच जोडले. अर्ध्या गाण्यात केस आणि अर्ध्यात टक्कल, मग कंटिन्युटीचं काय? म्हणजे आदल्या शॉटमध्ये माणूस जसा होता तसाच पुढच्या शॉटमध्ये दिसला पाहिजे. मधल्या वेळात त्याच्या घरी काय झालं ते त्यात धरत नाहीत. मी विग मागितला. हीरो स्वतः विग लावायचा, पेटी भरून आणले होते. ते हीरोचे आहेत, असं उत्तर मिळालं.

दहाव्याच्या दिवशी मी होडीत होतो. दिग्दर्शक भोंग्यातून ओरडत होता, दात दिसू देत. मी हसलो. पण बूट घातले नाहीत. आमच्याकडे सुतकात मुलगा पायात काही घालत नाही. फोन आल्यापासून मी अनवाणीच होतो. विजेचं काम अनवाणी करू नये हे मला कळत होतं, पण एवढी एकच गोष्ट माझ्या हातात उरली होती.

गावी पोचलो तो डोक्यावर केस घेऊन. त्याच दिवशी ते उतरवले, पण चुलत्याने आधीच तोंड फिरवलं होतं. परदेश दिसला आणि बाप विसरला, अशी बोलणी सुरू झाली. कंटिन्युटी म्हणजे काय हे कुणाकुणाला समजावत बसू? आईने मात्र एकदा माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि ती चुलीकडे वळली. ते सगळ्यात जास्त लागलं.

पुढे तो सिनेमा टीव्हीवर लागला. भावाने हौसेने आळीतल्या लोकांना बोलावलं. चुलताही आला. गाणं सुरू झालं. टीव्हीवर मी दात काढत होतो आणि घरात खाली मान घालून बसलो होतो.

"बघा," चुलता म्हणाला, "बाप मेला नि ह्यो हसतोय."

आई टीव्हीजवळ सरकली. गाण्याच्या शेवटी होडी काठाला लागते आणि आम्ही सगळे उड्या मारून उतरतो. बाकीच्यांच्या पायांत पांढरे बूट. माझे पाय उघडे, घोट्यापर्यंत चिखलात.

"भावजी, तोंडाकं काय बगता," आई म्हणाली. "पायांकं बगा. पायात काय नाय त्याच्या. सुतक पाळलंय माज्या पोरानं."

चुलता उठून माझ्याशेजारी येऊन बसला. मला मात्र राग आवरेना. माझ्या केसांसाठी एवढा तमाशा करणाऱ्या त्या अख्ख्या युनिटमध्ये माझे पाय एकालाही दिसले नव्हते.