आपल्या माणसाची मुलाखत

मन आजारी पडल्यावर समुपदेशकाकडे जाणारी माणसं नेमकं काय बोलतात, यावर चार देशांत एकाच वेळी संशोधन चाललं होतं. म्हैसूरच्या मुलाखती अलकाकडे होत्या. वरच्या विद्वानांनी ठरवलं, मुलाखत मातृभाषेत घ्या, माणूस मोकळा होतो. या शहाण्यांनी आमच्या म्हैसूरच्या मराठी घरात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. इथे मराठी बोलणारं कुणी भेटलं, की आधी आजोळ विचारतात, मग नातं निघतं, आणि नातं निघालं की घरातलं सगळं झाकलं जातं.

बन्नीमंटपच्या गिरिजाबाईंची झोप उडाली होती, म्हणून त्या उपचार घेत होत्या. त्यांनी अलकाला कॉफी पाजली, तिचं आजोळ विचारलं आणि सांगितलं, "सगळं चांगलं आहे मा. सुम्ने, उगीच आपलं वय झालं, अल्वा, हो ना?" बस्स. दुसऱ्या खेपेला अलकाने कन्नड बोलणाऱ्या सहकारी नमिताला पाठवलं. पण ती मुलाखत भाषांतराला आली अलकाकडेच. जिच्यापासून झाकलं तिच्याच हातात ते पडतंय, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

परक्या बाईपुढे गिरिजाबाई शांतपणे बोलल्या होत्या. "मुलगा मारतो. आता त्याचं लग्न ठरलंय. सून आली की माझा मार अर्धा होईल."

मुलगा म्हणजे हेब्बाळच्या कंपनीत नोकरीला असलेला रक्षित. होणारी सून अलकाची मामेबहीण यशस्विनी.

मुलाखतीतलं बाहेर बोलायचं नाही, हा नियम. अलकाने वरिष्ठांना विचारलं. पुढच्या बैठकीत बघू, असं उत्तर आलं. साखरपुडा त्याच्या आधी होता. ती मामांकडे गेली. "कुठून कळलं ते विचारू नका. तो आईला मारतो. पोरगी देऊ नका."

तिने बरोबरच केलं, असं मी आजही म्हणतो. पण मामा म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी रक्षितला फोनवरच सुनावलं, "आईवर हात टाकणाऱ्याच्या घरात आम्ही मुलगी देत नाही."

हे कळताच अलका बन्नीमंटपला धावली. दार गिरिजाबाईंनीच उघडलं. त्यांचा एक डोळा सुजून बंद झाला होता.

"मावशी, चला माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता."

"पोरगी सुटली, बरं झालं," त्या हळूच म्हणाल्या. "पण मी त्या दुसऱ्या बाईला सांगितलं होतं गं. तुला नव्हतं."

आतून रक्षितचा आवाज आला, "कोण आलंय?"

"कुणी नाही रे," म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.