चौकोनातल्या बाई

चौकोनातल्या बाई मान हलवत नसत. आपल्याकडे समोरचा बोलत असला की ऐकणारा मान हलवतो; पटलं म्हणून, नाही पटलं म्हणून, नाहीतर आता आवरा म्हणून. या बाई टॅबवरच्या त्या चौकोनात बसत आणि नुसत्या बघत. पहिल्याच दिवशी मी दोन मिनिटं बोललो आणि थांबून विचारलं, "बाई, तुमचं नेट अडकलंय का?" त्या म्हणाल्या, "नाही. ऐकतेय." मला काही ते बरं लक्षण वाटलं नाही.

संशय हाच माझा पोटापाण्याचा धंदा. बँकेत तीस वर्षं मी सह्या पडताळल्या. खरी सही दोनदा तंतोतंत सारखी येत नाही. तंतोतंत जुळली की समजावं, कुणीतरी गिरवली आहे. असा मी माणूस ठाकूरद्वारच्या आमच्या दोन खोल्यांत कानात इअरफोन घालून एका अनोळखी बाईला मनातलं सांगायला बसलो, ते केवळ मुलीच्या, मीनलच्या, हट्टापायी. माझे वडील, अण्णा, गेल्यापासून मी देवासमोर उभा राहत नव्हतो. पूजा बायको करायची. फुलांची पुडी दिसली तरी छातीत धडधडायचं आणि घाम फुटायचा. मीनल म्हणाली, "बाबा, या थेरपिस्ट आहेत. मोठा धक्का बसलेली माणसं त्यांच्याकडे येतात, देवाधर्माच्या बाबतीत अडकलेलीही येतात. बोलून तर बघा." माझं काही अडकलेलं नाही, असं मी तिला ठणकावून सांगितलं आणि गुरुवारी चारला बसलो. गुरुवारच का, हाही संशय होताच.

बाईंच्या मागे कोरी भिंत आणि भिंतीवर एक रिकामा खिळा. तिथे कुठल्यातरी महाराजांची तसबीर असणार आणि माझ्या वेळेपुरती उतरवत असणार, हे मी मनात पक्कं करून टाकलं. चार-पाच गुरुवार गेले की हळूच जपमाळ निघेल, मग सत्संगाचा पत्ता. शेवटी विचारलंच, "तुम्ही देव मानता का?"

"सांगते," त्या म्हणाल्या. "पण आधी तुम्ही एक सांगा. मी मानते म्हटलं, तर माझ्यापासून काय लपवाल? आणि मानत नाही म्हटलं, तर काय लपवाल?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं कोंडीत पकडलं नव्हतं. रेंज जातेय म्हणालो आणि टॅब बंद केला.

पुढच्या गुरुवारी त्यांनी तो विषयच काढला नाही. "घाई नाही" हे त्यांचं पालुपद. मी आपला ताडत बसे, की हा गिऱ्हाईक टिकवायचा प्रकार असावा. पण बोलता बोलता माझा श्वास वरखाली झाला की त्याच म्हणत, "आज इथे थांबू. पाणी प्या." मग माझा हिशेब चुके. शेजारच्या काकूंना भिंतीपलीकडून फक्त माझीच बाजू ऐकू जाई. त्यांनी एकदा बायकोला विचारलं, "कोणते ज्योतिषी गं? आमच्या सुनेचंही विचारायचं होतं."

हळूहळू मी बाईंना घरात सगळ्यांना ठाऊक असलेली हकिगत सांगितली. आमचा देव काळ्या पाषाणाचा, आजोबांनी कोकणातून आणलेला. मोठा निर्णय असला की घरी कौल लावतात. देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून उभं राहायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दुपारी अण्णांना दम लागला होता. धाकटा भाऊ सुहास काळाचौकीहून टॅक्सी घेऊनच आला. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात नेऊ, म्हणाला. घरच्या रीतीप्रमाणे आधी कौल घ्यायचं ठरलं. थोरला म्हणून मी लावला. डावी पडली. सुहासने मुकाट्याने टॅक्सी परत पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गेले. तेव्हापासून तीन वर्षं सुहास गणपतीलाही आमच्याकडे आला नाही. "ज्याने माझ्या बापाला मारलं, त्याला मी हात जोडू?" एवढंच एकदा फोनवर म्हणाला.

आता बाई एकतर अंधश्रद्धा म्हणतील, नाहीतर देवाची मर्जी म्हणतील, अशी माझी अटकळ होती. दोन्हींवर माझी उत्तरं तयार होती. त्या म्हणाल्या, "कौलाचं निघालं की तुम्ही उजव्या हाताचं बोट शर्टाला पुसता. आज तीनदा पुसलंत."

मी हात खाली घेतला. ही बाई ऐकते की पाळत ठेवते? बँकेत सही पकडली गेल्यावर लोक माझ्या टेबलासमोर कसे उभे राहत, ते आठवलं.

"बोट ओलं लागतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

मग मी सांगितलं. टॅक्सी खाली उभी असताना अण्णांनी माझं मनगट धरलं होतं. "मला तिकडे नेऊ नको रे. नळ्या घालतील." सुहासला नाही म्हणायचा मला धीर झाला नाही. म्हणून उजव्या पाकळीला मी भरपूर पाणी लावलं आणि बोटाने दाबून बसवली. डावी जवळजवळ कोरडी ठेवली. देव काहीच बोलला नव्हता. त्याची सही मी केली होती.

बाईंचे डोळे भरून आले. हेही यांना शिकवत असतील, असं त्या क्षणीही माझ्या मनात आलंच. मी रडत होतो आणि चिडलोही होतो. म्हटलं, "म्हणा ना, तुमची चूक नाही म्हणून."

"मी म्हटलं तर विश्वास बसेल?"

"नाही."

"मग कुणी म्हटलं तर बसेल?"

"सुहासने," मी म्हणालो. हे ऐकून तो माझं तोंड पाहणार नाही, याची मला खात्री होती. बाईंनी जा म्हटलं नाही, नका जाऊ म्हटलं नाही.

रविवारी सकाळी काळाचौकीला गेलो. सुहास लेंग्याला इस्त्री करत होता. मी सगळं सांगितलं. त्याने इस्त्रीची पिन काढली आणि खाली बसला.

"अण्णा खरंच असं म्हणाले?"

"हो."

"मग तेव्हाच बोलायचंस ना, दादा. मी काय खाल्लं असतं तुला?" त्याने लेंगा ओढून मांडीवर घेतला. मग म्हणाला, "तीन वर्षं देवाला शिव्या देतोय मी." आणि उठून इस्त्री पुन्हा लावली. मी चपला घालत होतो तेव्हा मागून आवाज आला, "उद्या सकाळी येतो. पूजा मी करणार. तू फुलांना हात लावायचा नाहीस."

या बाईंची मला फार आठवण येते, हे कबूल करतो. अडचण नसताना केवळ भेटायला जावं, अशी ती ओळख नव्हती. शेवटच्या गुरुवारी मी तक्रारच केली होती, "सुहास पूजेला येतो, पण तुझी चूक नव्हती, असं अजून एकदाही म्हणाला नाही."

"रोज येतो?"

"रोज. काळाचौकीहून, पहिल्या बसने. पूजा झाली की चहाही तोच करतो, आणि पहिला कप मला..."

वाक्य मी तिथेच सोडलं. मग मीच म्हणालो, "बाई, पुढच्या गुरुवारी नको आता."