बिटकॉइनच्या वर्गावर माझी पाळत

बिटकॉइनच्या वर्गाला मी शिकायला गेले नव्हते. शिकवणारी मुलगी लोकांना कधी फसवते ते पाहायला गेले होते, आणि फसवेल तेव्हा आपल्याकडे सगळं लिहिलेलं असावं म्हणून एक दोनशे पानी वही बरोबर घेतली होती.

लोणावळ्याजवळच्या आमच्या औंढ्यात देवळामागे बचत गटाची खोली आहे. बुधवारी दुपारी तिथे हा वर्ग भरायचा. मुलगी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. बोलण्यावरून विदर्भाकडची वाटायची. गावात तिने भाड्याने खोली घेतली होती आणि गटाच्या अध्यक्षबाईंना सांगितलं होतं, "मी फी घेणार नाही, काही विकणार नाही. हे काय आहे ते फक्त समजावून सांगणार." ते ऐकूनच माझे कान टवकारले. तीस वर्षं मी लोणावळ्याच्या शाळेत गणित शिकवलं. पदरमोड करून खेड्यात शिकवायला आलेलं माणूस मी एकदाही पाहिलं नव्हतं.

माझ्या संशयाला कारणही होतं. माझे यजमान रेल्वेतून निवृत्त झाले त्या वर्षी एक गोडबोल्या माणूस आमच्याकडे यायला लागला. शेळीपालनाची योजना होती. शेळ्या तुम्ही विकत घ्यायच्या, सांभाळायच्या त्यांनी, आणि दर महिन्याला पैसे तुमच्या खात्यात. त्याने आम्हाला तळेगावजवळ आंबीला नेऊन शेड दाखवली. प्रत्येक शेळीच्या कानात नंबराचा बिल्ला होता. यजमानांनी आमच्या शेळ्यांचे नंबर लिहून घेतले, एकीबरोबर फोटो काढला. चार महिने पैसे आले. मग शेडला कुलूप लागलं. तळेगावला त्याच्या ऑफिसबाहेर माणसं जमली होती, त्यांतल्या एकाने आपल्या मोबाइलमधला फोटो दाखवला. तीच शेळी, तोच बिल्ला. मग दुसऱ्याने दाखवला. त्यातही तीच.

आम्ही ही गोष्ट गावात कुणालाच सांगितली नाही. गणिताच्या बाईंचं घर असं फसलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

तेव्हा या वर्गात मी मागच्या सतरंजीवर भिंतीला टेकून बसायची आणि वही उघडायची. पुढे माझी धाकटी जाऊ असायची. ती खंडाळ्याच्या एका बंगल्यावर पाहुण्यांचा स्वयंपाक करते. शनिवार-रविवारी तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. बुधवार त्या मुलीने अशा बायकांसाठीच निवडला होता, हे मला कळलं तेव्हा वाटलं, बारकाईने विचार करणारी दिसते. जपून राहायला हवं.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, "पैसा म्हणजे काय?"

बायका हसल्या. जाऊ म्हणाली, "जो म्हैन्याच्या शेवटी न्हाई ऱ्हात तो."

मुलगीही हसली, आणि तिथूनच धागा धरून पुढे गेली. नोटेवर लोकांचा भरवसा का असतो, भाव का चढतात, बँक मध्ये नसताना एकाच्या फोनमधून दुसऱ्याच्या फोनमध्ये पैसे कसे जाऊ शकतात. आपल्याकडे हे चलन म्हणून चालत नाही, यावर सरकारचा कर आहे, याचा भाव एका दिवसात कोसळू शकतो, हेही तिने सांगितलं. ती फार चांगलं शिकवत होती. मी शिक्षिका आहे, मला ते कळत होतं, आणि त्यामुळेच धास्ती वाढत होती. तो शेळीवालासुद्धा फार चांगलं समजावून सांगायचा.

शेवटी ती म्हणाली, "हे दुप्पट करून देतो असं कुणी म्हटलं, तर तो चोर समजा. मी म्हटलं तरी." मी वहीत ते वाक्य उतरवलं आणि पुढे कंसात लिहिलं, 'हुशार आहे.'

तिसऱ्या बुधवारी तिने सगळ्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. त्यात बारा इंग्रजी शब्द येतात. ते शब्द म्हणजे किल्ली. फोन हरवला तरी शब्द असतील तर पैसे परत मिळतात, आणि शब्द दुसऱ्याच्या हाती गेले तर पैसेही गेले. जावेला इंग्रजी वाचता येत नाही. तिने फोन सरळ माझ्याकडे केला. "जाऊबाई, तुमीच लिवून द्या की."

मी पेन काढणार तोच मुलगी आमच्यामध्ये येऊन बसली. "काकू, हे तुमचे तुम्हीच लिहायचे. बाईंनाही दाखवायचे नाहीत."

"आमच्यात असलं काय न्हाई," जाऊ म्हणाली.

"माहीत आहे. तरीही."

माझा चेहरा उतरला असणार. वर्गावर पाळत ठेवायला मी आले होते आणि चोर असल्यासारखं मलाच बाजूला केलं होतं. मुलीने जावेला एकेक शब्द कानात सांगितला. जावेने तो मराठीत लिहिला आणि शेजारी त्याची पहिली चार इंग्रजी अक्षरं, तेवढी पुरतात म्हणे, रांगोळीची नक्षी काढावी तशी पाहून पाहून काढली. अर्धा तास लागला. मग मुलीने प्रत्येकीच्या फोनवर बिटकॉइनचा बारीकसा तुकडा पाठवला. एका वडापावाच्या किमतीएवढा. बायका तो एकमेकींना पाठवून पाहायला लागल्या. मी वहीत लिहिलं, 'आमिष सुरू.'

त्या दिवशी मी तिला गाठलंच. "यात तुझा फायदा काय?"

"परदेशातले काही लोक अशा वर्गांना देणगी देतात. त्यातून माझं भाडं आणि जेवण निघतं."

"त्यांचा काय फायदा?"

"त्यांच्याकडे बिटकॉइन आहे. जास्त लोक वापरतील तर ते त्यांना हवंच आहे. मला विचाराल तर, मला हे पटलंय म्हणून मी करते. पण त्यांचा फायदा नाही असं मी म्हणणार नाही."

उत्तर सरळ होतं. सरळ उत्तर देणारी माणसं मला आणखीच अवघड वाटतात. पुढच्या आठवड्यात ती लोणावळ्याला जाताना दिसली तर मी तिच्या मागच्या रिक्षाने गेले. चिक्कीच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहून पाहिलं. तिने एटीएममधून पैसे काढले, झेरॉक्सवाल्याला दिले, एक केरसुणी घेतली आणि परत फिरली. तेही मी वहीत लिहिलं. आज वाचलं की माझी मलाच लाज वाटते.

मग एका सोमवारी जाऊ धावतच आमच्याकडे आली. बंगल्यावर बंगळुरूचे पाहुणे आले होते. त्यांतल्या एकाने तिच्या फोनवर ते अ‍ॅप पाहिलं आणि जेवण आवडलं म्हणून बक्षिसी त्यातच पाठवली. "त्यो म्हनला, मावशी, तुमी हे वापरता? त्याला तर खरंच वाटंना." तिचा चेहरा फुलला होता. तिच्या वयाच्या बाईला कुणी असं कौतुकाने विचारण्याचे प्रसंग किती येतात? मी मात्र म्हणाले, "पाहुणा त्या मुलीच्या ओळखीचा नव्हता ना?" जाऊ चहा अर्धा ठेवून गेली.

त्यानंतर ती मला फोनमधलं फारसं दाखवीनाशी झाली. म्हणून जे झालं ते मला उशिरा कळलं.

पावसाळा संपता संपता एका दुपारी ती आली आणि उंबऱ्यातच बसली. फोन पुढे केला. त्यात एक ग्रुप होता, मावळात बिटकॉइन शिकणाऱ्यांचा म्हणून काढलेला. त्यात कुणी 'सर' रोज सांगत होते, एकवीस दिवसांत दुप्पट. ग्रुपच्या वरच फोटो होता माझा. भिंतीला टेकून, चष्मा नाकावर, वहीत मान घालून लिहिते आहे. खाली ओळ, 'शाळेच्या बाईसुद्धा शिकत आहेत.'

"तू पैसे भरलेस?"

"एफडी मोडली. आता तितं पैसं दिसत्यात, पन निघत न्हाईत. काढायला आनखी पैसं भरा म्हनत्यात."

"अगं, मला विचारायचं तरी."

"काय विचारायचं? तुमी दर बुधवारी जाताय, समदं लिवून घेताय. आमी म्हनलं, बाई एवढं लिवून घेत्यात म्हंजे पक्कं असनार. समदा गाव हेच म्हनतोय. मी एकटी न्हाई भरलं, सात-आठ बायकांनी भरलंय."

मी तिथल्या तिथे चपला घातल्या. जावेला घेऊन सरळ त्या मुलीच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं, ती तांदूळ निवडत होती. मी फोन तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "तुझं सोंग आता पुरे झालं."

तिने तो ग्रुप वरपासून खालपर्यंत वाचला. तिच्या हातातलं ताट खाली ठेवायचं राहूनच गेलं. "हे माझं नाही," ती म्हणाली. "यात मी नाही. बघा ना, माझा नंबरच नाही."

"स्वतःचा नंबर कशाला घालशील तू?"

"बाई, मी दर बुधवारी काय सांगते? तुमच्याच वहीत असेल."

वही माझ्या पिशवीतच होती. मी उघडली. प्रत्येक बुधवारच्या पानावर ते होतं. 'आज पुन्हा म्हणाली, दुप्पट करून देणारा चोर.' 'आज पुन्हा म्हणाली, लिंक आली तर दाबू नका.' आणि प्रत्येक ठिकाणी कंसात माझा शेरा. तिला पकडायला लिहिलेली ती पानं एकेक करून तिच्याच बाजूने बोलत होती. जावेने विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. शेरे सोडून.

"मंग फोटू कुनी काडला?" जाऊ म्हणाली.

मुलगी विचार करू लागली. मलाच आधी आठवलं. गावातला प्लॉटचा एजंट वर्ग चालू असताना दोन-तीनदा दारात येऊन उभा राहिला होता, खोलीची चावी हवी म्हणून. त्याच्या हातात फोन होता. माझी सगळी नजर त्या मुलीवर होती. त्याच्याकडे मी पाहिलंच नव्हतं, कारण तो आपल्या गावचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी लोणावळ्याला पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी तक्रार नीट लिहून घेतली, वहीच्या पानांच्या प्रती ठेवून घेतल्या. एजंटलाही बोलावलं. त्याचं म्हणणं, मला फोनवर त्या 'सरां'नी फोटो आणि बायकांचे नंबर दिल्याबद्दल कमिशन कबूल केलं होतं, माझेही पैसे गेले. खरं होतं की नव्हतं, देव जाणे. पैसे कुणालाच परत मिळाले नाहीत.

गटाच्या अध्यक्षबाईंनी वर्ग बंद केला. गावाच्या लेखी दोष त्या मुलीचाच ठरला. ती आली नसती तर हे झालं नसतं, एवढा साधा हिशेब. दूधवाल्याने तिचं दूध बंद केलं. पंधरा दिवसांत तिने खोली सोडली. जाण्याआधी ती माझ्याकडे आली. मी चहा टाकला. तिने कप हातात घेतला. मग म्हणाली, "बाई, तुमचा माझ्यावर पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता ना?"

"नव्हता."

"मग तुम्ही तेव्हाच उभं राहून सगळ्यांसमोर का नाही बोललात? बरं झालं असतं. मी उत्तर दिलं असतं, नाहीतर गेले असते. लोकांना निदान तुमच्या मनात काय आहे ते कळलं असतं."

मी काय सांगणार होते? सगळ्यांसमोर संशय बोलून दाखवायचा तर तो कुठून आला तेही सांगावं लागलं असतं. त्या शेळ्या बाहेर आल्या असत्या. मी गप्प बसले, आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लोकांनी आपापल्या सोयीने लावला.

ती गेल्यावर गटाची बैठक झाली तेव्हा मी उभी राहिले. यजमानांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, "सांग. आता काय राहिलंय." मी आंबीची शेड, कानातला बिल्ला, सगळं सांगितलं. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "आमची बी व्हती त्यात एक शेळी." आणि तिच्याशेजारची खाली मान घालून हसली की रडली, मला नीट दिसलं नाही.

जाऊ दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलली. मग आपणहून यायला लागली. पाहुण्याची ती बक्षिसी अजून तिच्या फोनमध्ये आहे. बारा शब्दांचा कागद तिने कुठे ठेवलाय ते मी विचारलेलं नाही. परवा खंडाळ्याला निघताना तिने विचारलं, "जाऊबाई, ती पोरगी खरी व्हती का वो?"

मी पुष्कळदा या गोष्टीचा विचार करते. तिने कुणाकडून पैसा घेतल्याचं मला कधी दिसलं नाही. पण तिला देणगी देणारे लोक मला दिसले नाहीत, ती इथून कुठल्या गावाला गेली तेही ठाऊक नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"बरं," जाऊ म्हणाली, आणि नाक्यावर टेम्पो थांबलेला दिसला तशी पदर खोचून भराभर चालायला लागली.