भावाच्या फोल्डरमधली फाइल

माझा धाकटा भाऊ बीडला गणित शिकवायचा. त्याच्या ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमध्ये फाइल टाकली, की ती आपोआप विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर जायची. ही जोडणी कोडची एक ओळही न लिहिता मीच करून दिलेली. सोबत जाणारा मजकूर मात्र त्याचा: ‘नवा धडा टाकलाय. न्हाई समजलं तर लगेच विचारा.’

तो अपघातात गेला. दुसऱ्याच दिवशी चुलत्यांनी श्रद्धांजलीच्या बॅनरची घाई लावली. ‘कशाला पाहिजे बॅनर?’ मी खेकसले. तरी कॉम्प्युटरवर त्याच्या फोटोला हार लावला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आणि त्याचे धडे टाकून देण्याच्या हाताच्या सवयीनं बॅनरची फाइल त्याच फोल्डरमध्ये टाकली.

मिनिटभरात ती त्याच्या मजकुरासकट ग्रुपवर गेली. खाली पाटोद्याच्या एका मुलीनं लिहिलं, ‘सर, हे न्हाई समजलं.’