वज्रकेतूच्या नव्या अंकाचं शेवटचं पान

मागच्या गुरुवारी सकाळी सासूबाईंचा यवतमाळच्या दवाखान्यातून फोन आला... संतोषला दिसायला लागलं. मशीनवरचं ब्लाउज तसंच टाकलं, दुकानाचं शटर ओढलं आणि बाभुळगावच्या स्टँडवर धावत गेले.

संतोष माझा धाकटा दीर. पेंटर माणूस. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, शाळेच्या भिंती, आमच्या भागातलं बरंचसं त्याच्याच हातचं. मग फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम सुटलं, म्हणून यंदा तो लोकांच्या शेतात फवारणीला जायला लागला.

यंदा कपाशी डोक्याच्या वर गेली होती. नळी वर धरून फवारायचं आणि औषध आपल्याच तोंडावर पडायचं. नाकाला रुमाल होता, डोळे मात्र उघडेच. एका संध्याकाळी उलट्या करतच घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन वर आल्यावर मला म्हणाला, लाईट लावा.

तेव्हापासून तो दवाखान्यात. जिवावरचा धोका टळला होता, पण नजरेचं डॉक्टर काही सांगत नव्हते. पेंटरचे डोळे गेले तर उरतं काय, हा एकच विचार आमच्या घरात सगळे करत होते आणि कोणी बोलत नव्हतं.

म्हणून त्या दिवशी यवतमाळच्या स्टँडवर उतरल्याउतरल्या मी बुकस्टॉल गाठला. वज्रकेतूचा नवा अंक आला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... वज्रकेतू ही सुपरहिरोची हिंदी कॉमिक्स मालिका. लग्न करून आले तेव्हा संतोष दहावीत होता आणि त्याच्या उशीखाली हे अंक असायचे. त्याने मला नादी लावलं. आता मी दोन लेकरांची आई आहे, तरी नाद काही सुटला नाही.

आमची भांडणं ठरलेली. मला गोष्ट हवी, त्याला चित्रं. माझं म्हणणं, हल्ली कथा च्युइंगमसारखी ताणतात, तीन अंक झाले तरी व्हिलन नुसता हसतोच आहे. त्याचं म्हणणं, नवीन चित्रकार सगळा कॉम्प्युटरचा, सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले. जुना चित्रकार हात काय काढायचा, यावर तर तो अर्धा तास बोलायचा. व्हिलन नेहमी मोठ्या शहरांवरच का येतो, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "बाभुळगावले येऊन तो कायचा नाश करन, वहिनी?"

आणि एक नियम. अंक कोणीही आणो, आधी संतोषने बघायचा. आणणाऱ्याने उघडायचा नाही. बसमध्ये कितीदा तरी हात शिवशिवले आहेत, पण नियम मी कधी मोडला नाही. त्या दिवशीही पिशवीतून काढला तो तसाच त्याच्या हातात दिला.

तो उशीला टेकून बसला आणि पानं उलटायला लागला. रंग यंदा बरे जमले म्हणे. चेहरे मात्र पुन्हा तेच. शेजारच्या खाटेवर राजूरकडचे एक काका होते, तेही फवारणीचेच पेशंट, त्यांनी मान लांब करून कव्हर पाहिलं. म्हणाले, या हिरोचा मास्क डोळ्यांवर आहे अन् नाक उघडं, हा आमच्या कामाचा नाही. सगळे हसले. सासूबाई तर इतक्या दिवसांनी हसल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या.

संतोष शेवटच्या पानावर आला. मी खाटेच्या उशाशी उभी होते, वरून वाकून पाहत होते. त्याने पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा हात पाहा वहिनी. पहिल्यांदा बरोबर काढला यानं."

ते पान पूर्ण काळं होतं.

वज्रकेतू पडतो आणि सगळं जग अंधारात जातं, म्हणून अख्खं पान काळ्या शाईचं. एक रेघ नाही, एक अक्षर नाही. संतोषचं बोट त्या काळ्यावर फिरत होतं आणि तो पायथ्याशी बसलेल्या सासूबाईंना, ज्यांना नुसतं कव्हर दिसत होतं, अंगठा कसा काढलाय ते सांगत होता.

तेव्हा लक्षात आलं, आतापर्यंत तो जे बोलला ती सगळी त्याची जुनीच मतं होती, कुठल्याही अंकाला लागू पडणारी. मी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हटलं, "मला नाही आवडला. बोटं किती लांब काढलीत." आणि आम्ही दोघं त्या नसलेल्या हातावर भांडलो... नेहमीसारखं.

सासूबाई पाणी आणायला गेल्या तेव्हा त्याचा आवाज एकदम खाली आला.

"काय हाय वहिनी त्या पानावर?"

त्याने थेट विचारल्यावर चित्राबद्दल खोटं बोलणं मला जमलं नसतं. "काहीच नाही रे. सगळं काळं आहे."

तो हसला. "मंग मले बरोबरच दिसलं."

मी त्याचा हात धरला आणि खूप रडले. माय जेवत नव्हती म्हणून खोटं बोललो, एवढंच तो म्हणाला. डॉक्टरांना त्याने खरं सांगितलेलं होतं. ते म्हणतात वाट पाहा, काहींची नजर येते, काहींची नाही येत.

काल त्याने स्वतःच आईला सांगितलं, म्हणून आज हे लिहू शकते आहे. त्या त्याच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिल्या.

त्या नव्या चित्रकाराला आम्ही वर्षभर नावं ठेवली. आज मात्र त्याचे आभार मानते... त्याने तिथे काहीही काढलं असतं ना, तर मी आनंदात घरी परतले असते आणि संतोष त्या अंधारात एकटाच राहिला असता.